शेक घेताना हाड ठणकलं, तर सोसायचं नाही

पत्र:

"आमची माय 56 वर्षांची आहे. नऊ वर्षांपासून शुगर आहे. दरवर्षीप्रमाणे यंदाही चैत्रात वणीच्या गडावर पायी गेली. परत आल्यावर डाव्या नडगीची आतली कड दुखायला लागली. त्याच आठवड्यात एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. मग तालुक्याच्या गावी अल्ट्रासाऊंडचा शेक सुरू केला, रोज आठ मिनिटं. स्क्रीनवर 1 मेगाहर्ट्झ आणि 1.5 असे आकडे दिसायचे. मशीनचं हेड दुखऱ्या जागेवर टेकवून पट्ट्यानं बांधायचे आणि लावणारा मुलगा दुसऱ्या पेशंटकडे जायचा. चौथ्या दिवसापासून माय म्हणायला लागली, 'हाडमा ठणकस.' त्यांनी सांगितलं, शेक आत पोचतोय, थोडं सोसा. दहा सिटिंग झाल्या, दुखणं वाढलं, पाय टेकवेना. जळगावला एमआरआय केला. रिपोर्टात नडगीच्या हाडात आत सूज आणि आतल्या बाजूच्या कवचात आडवी रेघ, 'स्ट्रेस फ्रॅक्चर', असं आहे. नातेवाईक म्हणतात मशीननंच हाड तडकवलं. खरं काय? भावानं ऑनलाइन तसंच छोटं मशीन मागवलंय. त्याचं म्हणणं, अल्ट्रासाऊंडनं हाड लवकर जुळतं. माझ्या 12 वर्षांच्या मुलाची टाच दुखते म्हणून त्यालाही दोनदा लावलं. आता काय करावं?"
– एक वाचक, पारोळा तालुका

उत्तर:

भाऊ, आधी तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर देतो. तुम्ही लिहिलंय तसाच रिपोर्ट असेल, तर हाडाला गेलेला तडा मशीनचा नाही, चालण्याचा आहे. पण मशीन ज्या पद्धतीनं लावलं ती पद्धत साफ चुकीची होती. त्या पद्धतीनं हाडाला इजा होऊ शकते. आईंना शुगर असल्यामुळे धोका आणखी वाढला होता. नातेवाईकांचं म्हणणं अर्धं चूक असलं, तरी त्यांचा राग अगदीच बिनबुडाचा नाही.

हाड रोज झिजतं आणि रोज भरून निघतं. अचानक रोज कित्येक तास डांबरी रस्त्यावर चालणं झालं की शरीर हाडाचा ताण पडलेला भाग आधी पोखरून काढतं आणि मग तिथं नवं हाड घालतं. पोखरायचं काम लवकर होतं, भरायला मात्र आठवडे लागतात. मधल्या काळात ती जागा कमकुवत असते. त्यातच चालणं सुरू राहिलं तर कवचाला बारीक आडवी भेग पडते. नडगीची आतली कड ही तर तिची ठरलेली जागा. पाळी गेलेली बाई, शुगर, कदाचित ड जीवनसत्त्व कमी आणि वरून सलग चाललेले दिवस, एवढं सगळं जुळून आल्यावर स्ट्रेस फ्रॅक्चर होणं नवलाचं नाही. पहिल्या आठवड्यातला एक्स-रे स्वच्छ आला यावरून काहीच सिद्ध होत नाही. अशी भेग एक्स-रेत दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, कधी ती दिसतच नाही. एमआरआयमध्ये मात्र लवकर कळते.

उष्णतेनं होणारी इजा वेगळी असते. हाड तापलं तर आतल्या पेशी मरतात आणि वरचं आवरण, म्हणजे पेरिऑस्टियम, सुजतं. 1983 साली सशांच्या हाडावर झालेल्या प्रयोगात 47 अंश सेल्सियसला एक मिनिट तापवलेल्या हाडात पेशी मेल्याचं दिसलं. म्हणजे हाडाची सहनशक्ती फार नाही. पण मेलेल्या पेशींचा भाग नंतर हळूहळू ठिसूळ होतो. आठवडाभराच्या शेकानं कवचाला सरळ आडवी रेघ जात नाही, ती रेघ वारंवार पडलेल्या भाराचीच असते.

मग चौथ्या दिवशी ठणका का लागला? याचं उत्तर नीट समजून घ्या, कारण नडगी, घोटा, कोपर, गुडघ्याची वाटी यांवर शेक घेणाऱ्या प्रत्येकाच्या ते कामाचं आहे.

अल्ट्रासाऊंडचा शेक गरम पाण्याच्या पिशवीसारखा वरून आत जात नाही. हेडमधल्या स्फटिकाच्या कंपनानं ध्वनिलहरी आत शिरतात आणि ज्या थरात त्या शोषल्या जातात तिथं उष्णता तयार होते. चरबी त्यांना फारशी अडवत नाही. 1 मेगाहर्ट्झच्या लहरीची ताकद अर्धी व्हायला चरबीत 5 सेंटीमीटरच्या आसपास अंतर लागतं, स्नायूत आडवी गेली तर 9 मिलिमीटर आणि हाडात फक्त 2 मिलिमीटर. म्हणजे हाडापर्यंत पोचलेली लहर हाडाच्या अगदी वरच्या पापुद्र्यातच जिरते. शिवाय मांस आणि हाड यांच्या सीमेवर साधारण एक तृतीयांश लहर उलट फिरते आणि आवरणातून दुसऱ्यांदा जाते. त्यामुळे सगळ्यात जास्त तापतं ते हाडाचं आवरण, आणि सगळ्यात जास्त नसा असतात त्याही त्याच आवरणात. मांडीवर हाडाच्या वर चार-पाच सेंटीमीटर मांस असतं. ते वाटेतच बरीच लहर शोषून घेतं आणि रक्त उष्णता वाहून नेतं. नडगीच्या आतल्या बाजूला कातडीखाली लगेच हाड लागतं, अडवायला मध्ये काहीच नाही.

आता स्क्रीनवरच्या आकड्यांचा हिशेब करू. 1.5 म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 1.5 वॅट, आणि ही सरासरी असते. कोणत्याही हेडमधून लहर सगळीकडे सारखी निघत नाही, मध्ये कुठंतरी तिची ताकद एकवटलेली असते. सरासरीच्या किती पट, हे बीएनआर नावाच्या आकड्यावरून कळतं. चांगल्या हेडचा बीएनआर 4-5 असतो आणि 8 च्या वर असलेलं हेड आंतरराष्ट्रीय मानकात बसत नाही. आईंना लावलेल्या हेडचा बीएनआर 5 धरला तरी त्या एका बिंदूवर दर चौरस सेंटीमीटरला साडेसात वॅट पडत होते. हेड बांधून ठेवलेलं, म्हणजे आठ मिनिटं तोच बिंदू हाडाच्या त्याच ठिपक्यावर. सलग मोड असेल तर मध्ये उसंतही नाही. त्यात स्थिर हेडखाली जाणारी आणि परत येणारी लहर एकमेकींवर पडून दाबाचे पट्टे एकाच जागी उभे राहतात. कोंबडीच्या गर्भावर 1970 च्या दशकात झालेल्या प्रयोगांत अशा उभ्या लहरींमुळे बारीक रक्तवाहिन्यांतल्या पेशी जागच्या जागी गोळा होऊन थांबलेल्या दिसल्या. हेड फिरतं ठेवायचा नियम एवढ्यासाठीच आहे. तो पाळायचाच असतो, मग दवाखान्यात कितीही गर्दी असो.

हेच हेड फिरत असेल तर चित्र पार बदलतं. फिरत्या हेडनं 1 मेगाहर्ट्झवर, 1.5 वॅटला, स्नायूचं तापमान मिनिटाला 0.3 अंशाच्या आसपास वाढतं. आठ मिनिटांत होतात जेमतेम अडीच अंश. त्यातून कोणाच्या हाडाला काही होत नाही. म्हणून नीट दिलेल्या अल्ट्रासाऊंडला घाबरायचं कारण नाही. भीती आहे ती थांबलेल्या हेडची.

आईंचा ठणका दोन कारणांनी असू शकतो आणि बहुधा दोन्ही कारणं एकत्र आली असावीत. तापलेलं आवरण दुखतं, हे एक. आणि हाडात आधीच भेग असेल तर तिच्यावर अल्ट्रासाऊंड लावताच कळ येते, हे दुसरं. स्ट्रेस फ्रॅक्चर ओळखायला डॉक्टर पूर्वी मुद्दाम असं करून बघत. ही चाचणी भरवशाची नाही. कळ आली नाही म्हणून फ्रॅक्चर नाही, असं म्हणता येत नाही. पण कळ आली तर थांबून तपास करायचा, एवढं तिनं शिकवलं. चौथ्या दिवशी आईंच्या हाडानं नेमकं हेच सांगितलं होतं. 'सोसा' म्हणण्याऐवजी तिथंच शेक थांबवून एमआरआयला पाठवलं असतं, तर पुढच्या सहा सिटिंग वाचल्या असत्या आणि भेगेवर चालणंही टळलं असतं.

अल्ट्रासाऊंडच्या शेकात कातडीला फार तर कोमट लागावं, बऱ्याचदा काहीच लागत नाही. आत खोल, बोथट, दात दुखल्यासारखा ठणका म्हणजे आवरण तापतंय. अचानक टोचल्यासारखी कळ आली तरी अर्थ तोच. त्या क्षणी हात वर करा आणि हेड उचलायला लावा. नंतर ताकद कमी करून, जास्त जेल घालून, हेड हाडाच्या कडेवरून बाजूच्या मांसावर सरकवून बघता येतं. तरीही ठणकलं तर त्या दिवशी बंद, आणि का ठणकलं याचा तपास. कातडीवर फोड आला नाही म्हणून आत सगळं ठीक आहे, असं मानू नका. थंड जेलनं कातडी गार राहते, हाडाला तो गारवा पोचत नाही.

आता शुगरचं. नऊ वर्षांच्या शुगरमध्ये पायाच्या नसा मंद झालेल्या असू शकतात. अशा पायाला ठणका उशिरा कळतो किंवा कळतच नाही, म्हणजे आपण ज्या इशाऱ्यावर विसंबतो तोच निकामी. आईंना तो कळला हे नशीब. शुगरवाल्या कुठल्याही माणसाच्या पायाला शेक लावण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या असतात. दहा ग्रॅमच्या नायलॉन धाग्यानं, म्हणजे मोनोफिलामेंटनं, तळव्याचा स्पर्श तपासायचा. आणि एका नळीत कोमट, दुसरीत गार पाणी घेऊन डोळे मिटलेल्या माणसाला कुठलं कोमट ते विचारायचं. ज्या जागेवर शेक द्यायचा तिथंच हे करायचं, हातावर नाही. फरक सांगता आला नाही तर उष्णता देणारा कोणताही शेक तिथं द्यायचा नाही. शुगरवाल्याचं पाऊल किंवा घोटा लाल, गरम आणि सुजलेला असेल, दुखत मात्र फार नसेल, तर शेकाचा विचारही नको. त्यामागे शार्को नावाचा आजार असू शकतो. त्यात पावलाची हाडं आतल्या आत मोडतात. त्याच दिवशी हाडाच्या डॉक्टरांकडे जा.

नीट दिलेला अल्ट्रासाऊंड कसा दिसतो तेही सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही शेजारी बसून बघू शकाल. हेड उघड्या कातडीवर, भरपूर जेल घालून. मध्ये हवेचा पातळ थर राहिला तर जवळजवळ सगळी लहर तिथूनच परत फिरते आणि हेड स्वतः तापतं. लोकांना वाटतं छान शेक बसला. खरं तर आत काहीच गेलेलं नसतं. घट्ट पांढरे मलम आणि बाम जेलच्या जागी चालत नाहीत. हेड सेकंदाला साधारण 4 सेंटीमीटर वेगानं, गोल गोल किंवा मागे-पुढे, न थांबता फिरतं. एका वेळी हेडच्या दुप्पट जागा, फार तर तिप्पट. त्याहून मोठी घेतली तर मात्रा विरते. 5 चौरस सेंटीमीटरच्या हेडनं 10 चौरस सेंटीमीटर जागेला साधारण पाच मिनिटं पुरतात. खोलवरच्या स्नायूसाठी 1 मेगाहर्ट्झ, कातडीजवळच्या कंडऱ्यांसाठी 3. हाड उथळ असेल तिथं सलग मोड टाळून पल्स मोड, एकास चार प्रमाणात (म्हणजे लहर एक भाग चालू, चार भाग बंद), आणि 0.3 ते 0.5 वॅट. सलग मोडवर 1.5 वॅट नडगीच्या कडेवर कोणत्याही कारणासाठी लागत नाहीत. आणि देणारा माणूस पूर्ण वेळ जवळ असतो. हेड पट्ट्यानं बांधून निघून जातात ते दृश्य दिसलं तर उठून या.

मशीनही तपासलेलं लागतं. स्फटिक जुना झाला किंवा हेड खाली पडलं तर स्क्रीन 1 दाखवते आणि बाहेर दीड किंवा अर्धाच निघतो. वर्षातून एकदा कॅलिब्रेशन, म्हणजे स्क्रीनवरचा आकडा आणि प्रत्यक्ष ताकद यांची पडताळणी, करून वीस टक्क्यांच्या आत फरक ठेवायचा असतो. त्याचा तारीख घातलेला कागद मशीनवर चिकटवलेला आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

बारा वर्षांच्या मुलाचं वाचून मात्र आम्हाला जास्त काळजी वाटली, म्हणून ते लांबवत नाही. दोनदा लावल्यानं काही बिघडलं असण्याची शक्यता फार कमी आहे, घाबरू नका. पण आता पुन्हा लावू नका. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकाशी कूर्चेसारखा मऊ वाढीचा थर असतो आणि तिथूनच हाड वाढतं. 1950 च्या दशकात कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांत जास्त ताकदीचा अल्ट्रासाऊंड लावल्यावर हाडाला इजा झालेली दिसली आणि तेव्हापासून वाढीच्या थरावर हेड न ठेवणं हा नियम आहे. टाचेच्या हाडातला हा थर पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत उघडा असतो. खेळणाऱ्या 12 वर्षांच्या मुलाची टाच दुखते ती बहुतेक वेळा याच थराच्या ओढाताणीनं. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबली की दुखते, ही त्याची खूण. यावर खेळ काही आठवडे कमी करायचा, बुटात टाचेखाली मऊ पॅड, पोटरीचं ताणणं दिवसातून दोनदा, तीस सेकंद धरून तीन वेळा, आणि खेळून आल्यावर दहा मिनिटं फडक्यात गुंडाळलेला बर्फ. वाढ पूर्ण झाली की हे आपोआप जातं. टाच सुजली, रात्री झोपमोड झाली किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

भावाचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. हाड जुळावं म्हणून वापरायचा अल्ट्रासाऊंड खरंच असतो, पण तो दुसराच. त्यात 1.5 मेगाहर्ट्झची लहर, दर चौरस सेंटीमीटरला सरासरी 30 मिलिवॅट, बारीक बारीक झटक्यांनी, रोज वीस मिनिटं देतात. आईंना जे 1.5 वॅट दिले ते याच्या पन्नास पट. अमेरिकेत त्या कमी ताकदीच्या यंत्राला 1994 साली परवानगी मिळाली आणि बरीच वर्षं त्याचा बोलबाला होता. नंतर नडगी मोडलेल्या 501 रुग्णांवर मोठा अभ्यास झाला आणि तो 2016 साली प्रसिद्ध झाला. खरं यंत्र आणि बंद यंत्र यांत हाड जुळण्यात किंवा कामावर परतण्यात फरक निघाला नाही. 2017 साली तज्ज्ञांच्या गटानं ते वापरू नये अशी ठाम शिफारस केली. तेव्हा ऑनलाइन मागवलेलं मशीन आईंच्या नडगीवर लावायचं काहीच कारण नाही. डब्यावर मेगाहर्ट्झ, दर चौरस सेंटीमीटरचे वॅट, हेडचं प्रत्यक्ष काम करणारं क्षेत्रफळ म्हणजे ईआरए, आणि बीएनआर हे चारही आकडे छापलेले नसतील, तर ते परत पाठवा. असतील तरी घरात शुगरवाली आई आणि वाढता मुलगा असताना ते कपाटातच बरं.

आता आईंच्या उपचाराकडे. नडगीच्या आतल्या कडेची अशी भेग साधारण सहा ते बारा आठवड्यांत भरते. शुगर असेल तर बारा धरून चला. मात्र भेग पुढच्या धारेवर असेल तर ती हट्टी असते, कधी ऑपरेशन लागतं. म्हणून नेमकी कुठली कड, हे हाडाच्या डॉक्टरांकडून एमआरआय समोर ठेवून विचारून घ्या. पाय टेकवताना दुखतंय तोवर कुबड्या किंवा वॉकर; डॉक्टर म्हणाले तर गुडघ्याखालपर्यंत येणारा आधाराचा बूट. बूट घातला तर रोज संध्याकाळी काढून टाच, घोटा, बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. मंद नसांच्या पायाला बूट कुठं घासतोय ते कळत नाही आणि भेग भरता भरता पायाला जखम करून बसाल. शेक, मालिश, नडगीवर दाबणं बंद. घरातलं काम बसून, पण जमिनीवर मांडी घालून नाही, खुर्चीवर. विहिरीवर, गोठ्यात, केळीच्या किंवा कापसाच्या शेतात जाणं डॉक्टरांनी सांगेपर्यंत नको. दुखणं कमी झालं म्हणून तिसऱ्या आठवड्यातच कामाला लागणं ही आपल्याकडची नेहमीची चूक, आणि अर्धवट भरलेली भेग तिथंच पुन्हा उघडते.

चालण्याला सुरुवात कधी? नडगीवर बोटानं हलकं ठोकून दुखत नाही आणि घरातल्या घरात दिवसभर चालून रात्री ठणकत नाही, अशी स्थिती आठवडाभर टिकली की. मग सपाट जागेवर दहा मिनिटं, एक दिवसाआड. दर आठवड्याला साधारण दहा टक्के वाढ. दुसऱ्या दिवशी सकाळी जागा दुखली तर मागच्या आठवड्याच्या वेळेवर परत या.

तपासण्या तीन करून घ्या. ड जीवनसत्त्व, कारण 20 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर भेग भरायला वेळ लागतो. खान्देशात ऊन भरपूर म्हणून ते कमी नसणार, असं धरून चालू नका. अंगभर कपडे आणि डोक्यावर पदर घेऊन शेतात राबणाऱ्या बाईच्या कातडीला ऊन लागतं तरी किती. दुसरी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी, कारण वाढलेली साखर हाड भरण्याच्या आड येते. तिसरी डेक्सा, हाडाची घनता मोजणारी. शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठीही डॉक्टरांना दाखवा. त्यात पायोग्लिटाझोन असेल तर आवर्जून सांगा, त्या औषधानं बायकांत हाड मोडण्याचा धोका वाढतो. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका, ती बदलायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. दुखण्यावरच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणून दिवसेंदिवस घेऊ नका, शुगरवाल्याच्या किडनीला त्या झेपत नाहीत.

खाण्यात कॅल्शियम दिवसाला 1200 मिलिग्रॅम पाहिजे, पाळी गेलेल्या बायकांसाठी आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हाच आकडा आहे. एक पेला, म्हणजे 200 मिलिलिटर दुधातून 240 च्या आसपास मिळतात. सालासकट तीळ 10 ग्रॅम घेतले तर शंभरेक. कळण्याच्या भाकरीबरोबर तिळाची चटणी आणि वाटीभर दही रोज ठेवलं तरी बराच पल्ला गाठता येतो. उरलेलं डॉक्टर गोळीतून देतील.

सहा ते आठ आठवड्यांनीही ठोकून दुखत असेल, किंवा मधेच रात्रीचा ठणका वाढला, तर एमआरआय पुन्हा करावा लागेल. त्या वेळी डॉक्टरांना सांगा की याच जागेवर हेड स्थिर ठेवून दहा वेळा अल्ट्रासाऊंड दिला होता. हे कळलं तर ते भेगेबरोबर आवरणाची आणि हाडाच्या पेशींची स्थितीही बघतील. न सांगता तिकडे त्यांचं लक्ष जाणार नाही.

यासाठी कागद गोळा करा. जिथं शेक घेतला तिथून तारखा, मेगाहर्ट्झ, वॅट, मोड, मिनिटं, हेडचा आकार असं लिहून मागा. भांडायला जाऊ नका, सरळ मागा. उपचाराची नोंद मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. शेक देणारा नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट होता का, हे महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे विचारता येतं आणि तक्रारही तिथं करता येते. मशीनमुळे इजा झाल्याचा संशय असेल तर वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा मटेरिओव्हिजिलन्स हा राष्ट्रीय कार्यक्रम 2015 पासून चालू आहे. डॉक्टर किंवा रुग्ण कोणीही तिथं कळवू शकतो. अशा नोंदी होत नाहीत, म्हणून हेड बांधून निघून जाण्याची सवयही सुटत नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. गुडघा सिमेंट लावून बदललेला असेल तर त्यावर अल्ट्रासाऊंड नको, ते सिमेंट आणि प्लॅस्टिक लहर शोषून तापतं. नुसता रॉड किंवा प्लेट असेल तर धातू उष्णता लगेच पसरवतो, त्यामुळे धोका कमी असतो. पण शॉर्टवेव्ह डायथर्मीचं, म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींनी शेक देणारं मशीन धातूवर मुळीच चालत नाही, आणि दवाखान्यात ही दोन्ही मशीनं शेजारी-शेजारी असतात. हाड रात्री दुखतं, वजन उतरतंय, पूर्वी कॅन्सर झालेला आहे, अशांनी निदान होईपर्यंत कोणताही शेक घेऊ नये. आणि गरोदरपणातली सोनोग्राफी वेगळी. तिथं लहर चित्र काढण्यापुरती, फार थोड्या ताकदीची असते. या लेखामुळे ती टाळू नका.

पुढच्या चैत्राचं आईंच्या मनात असणारच. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला तर त्या जाऊ शकतात. पण तयारी संक्रांतीपासून लागेल: आठवड्यातून चार दिवस चालणं, अर्ध्या तासापासून वाढवत नेऊन शेवटच्या पंधरवड्यात सलग दोन-अडीच तासांवर. दर चौथ्या आठवड्याला चालणं निम्म्यावर आणायचं, म्हणजे पोखरलेलं हाड भरायला वेळ मिळतो. रस्त्याच्या कडेच्या उतारावरून एकाच बाजूनं चाललं तर एका नडगीवर भार जास्त पडतो, म्हणून जमेल तिथं सपाट भागावरून चाला. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर तो त्यांच्याशी बोलून बदलून घ्या. बधिर होत चाललेल्या तळव्यांनी तापलेल्या डांबरावर चालणं त्यांना परवडणारं नाही. गडाच्या पायथ्याच्या नांदुरीपर्यंत गाडीनं आणि तिथून पुढं जेवढं झेपेल तेवढं पायी, बुटात, असं पहिल्या वर्षी करता येईल. आणि वाटेत नडगीच्या त्याच जागी बोट ठेवून दाखवण्याइतकं दुखलं, तर तिथूनच गाडीत बसवा.